हातसुताची दुलई

माझ्या नावापुढे आज बी. ए. ही अक्षरे लागतात. ती ज्यांच्यामुळे लागली त्यांची नावे घ्यायची झाली, तर पहिले नाव गयाबाई परटिणीचे घ्यावे लागेल. आईवडिलांचे दुसरे. आईवडिलांनी मला जन्म दिला, पोटाला चिमटा घेऊन नगरला धाडले, पण शाळेच्या बाकावर सहा वर्षे मान वर करून बसता आले ते गयामावशीमुळे. हे मी गावातही सांगतो. ऐकणाऱ्यांना वाटते, मास्तर विनयाने बोलताहेत. विनयाचा यात काही संबंध नाही. तिच्याविषयी पूर्ण बोलायचे तर मला स्वतःविषयी फार वाईट बोलावे लागते, म्हणून मी इतके दिवस अर्धेच बोलत आलो.

आमचे गाव जामखेडच्या पलीकडे. मी नगरला गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या मोफत बोर्डिंगात राहत होतो. जेवण फुकट, राहणे फुकट, पण दर सोमवारी प्रार्थनेनंतर कपड्यांची तपासणी होई. मळका सदरा असला की सगळ्यांदेखत रांगेबाहेर उभे करीत. माझ्याजवळ सदरा एकच होता. लढाईचे दिवस, कापड कंट्रोलवर, दुसरा कुठून येणार? मी रविवारी सीनेच्या काठी जाऊन तो धूत असे आणि वाळेपर्यंत उघडाच इतिहासाचे पुस्तक वाचत बसे.

असाच एकदा बसलो असताना मागून आवाज आला, "कोन रे तू? उघडा कशापायी बसलायस?"

"सदरा वाळतोय."

"दुसरा न्हाई?"

"न्हाई."

तिने, म्हणजे गयामावशीने, माझा वाळत टाकलेला सदरा उचलला, उन्हात धरला, कॉलर नाकाशी नेली आणि म्हणाली, "ह्याला धुनं म्हनत न्हाईत. ह्याला भिजवनं म्हनत्यात. रोज सांजच्याला आनून टाकत जा माज्याकडं."

त्यानंतर सहा वर्षे मी रोज संध्याकाळी अंगाला पंचा गुंडाळून तिच्या ओट्यावर बसलो. ती सदरा धुऊन चुलीच्या उबेला वाळवी आणि कोळशाची इस्त्री फिरवी. त्याबदल्यात एकच काम सांगे. इस्त्री चालू असेपर्यंत धडा मोठ्याने वाचायचा. तिला अक्षर ओळखू येत नव्हते. पण मी अडखळलो की इस्त्री थांबे.

"आडखळलास. फिरून वाच."

"मावशी, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"मला धडा कळत न्हाई. तुला कळला न्हाई एवढं कळतं."

गयामावशी तेव्हा पन्नाशीची असेल. बुटकी, काटक, दातांना मिश्री, बोटांची टोके सदा पाण्यात राहून पांढरी पडलेली आणि भेगाळलेली. नवरा दारू पिऊन पिऊन मेला होता. मूल नव्हते. एक गाढव होते, त्याचे नाव तिने सुभेदार ठेवले होते. भिंगारच्या छावणीतला कुणी खराच सुभेदार एकदा कपडे टाकायला आला, त्या वेळी नेमके तिने गाढवाला ओरडून सांगितले, "सुभेदार, तोंड काढ त्या घमेल्यातनं!" तो बिचारा दचकून दोन पावले मागे सरला. ही गोष्ट ती दर दिवाळीला नव्याने सांगे आणि स्वतःच जास्त हसे.

साधे कपडे धुणारे परीट नगरला बरेच होते. पण डाग काढावा तर गयाबाईनेच, असे सगळे शहर म्हणे. विशेषतः गोधड्या, दुलया, रजया यांवरचे डाग. धोतर आपटता येते, पिळता येते. हाताने शिवलेली दुलई आपटली की आतला कापूस गोळा होतो, टाके तुटतात. फिक्या रंगाची असली तर जरा चोळले तरी कडेला पिवळी रेघ उमटते. त्यामुळे असे काम दुसरे परीट घेतच नसत. तिच्याकडे बोट दाखवीत.

तिची पद्धत ठरलेली होती. डाग घेऊन आलेल्या माणसाला ती तीन प्रश्न विचारी. काय सांडलं? कवा सांडलं? आनि त्यावर तुमी काय केलं? या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय ती कापडाला पाण्याचा थेंब लावीत नसे. शेवटची दोनतीन वर्षे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, तेव्हापासून तर हे प्रश्न ती दोनदोनदा विचारी.

"दुधाचा चहा असंल तर कोमट पानी आनि थोडा सोडा," ती मला सांगे. "द्राक्षाची लाल दारू असंल तर सोड्याचं नाव न्हाई काढायचं. तिला गार पानी, मीठ, लिंबू नाहीतर ताक, आनि ऊन. एकाचं औषिद दुसऱ्याला दिलं की डाग मरत न्हाई, घर करून बसतो. म्हनून मानसानं माज्याशी खोटं बोलू न्हाई. देवाशी बोलावं वाटल्यास. देवाला काय कापड धुवायचं न्हाई."

एकदा कचेरीतले एक कारकून कोट घेऊन आले. कडक व्रतवैकल्यांचे म्हणून त्यांची गल्लीत ख्याती होती. मी ओट्याच्या कोपऱ्यात वाचत होतो.

"शाई सांडली," ते म्हणाले.

मावशीने कोट नाकाशी नेला, डोळे मिटले आणि क्षणभर तशीच राहिली. मग म्हणाली, "शाई म्हनता? मग शाईचं औषिद करते. कोट गेला तर मला बोल लावू नका."

कारकून घुटमळले. गल्लीत दोन्हीकडे पाहिले, खाली वाकले आणि पुटपुटले, "रस्सा आहे. मटणाचा."

"आता कसं! परवा या घ्यायला."

ते गेल्यावर तिने माझ्याकडे बघून विचारले, "तू काय ऐकलंस?"

मी म्हणालो, "काय न्हाई."

"शाना हायेस. डाग आपल्याकडं येतो तवा घर उघडं करून येतो. ते आपन पाठीमागं लोटून घ्यायचं असतं."

सहा वर्षांत मी त्या ओट्यावर शहरातली निम्मी घरे अशी उघडी होताना पाहिली. पैकी एकाही घराविषयी तिच्या तोंडून एक शब्द बाहेर गेल्याचे मला आठवत नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे जे झाले त्यात माझा अपराध किती मोठा होता हे यावरूनच कळेल.

तिचे काम पाहावे तर एका पारनेरच्या गोधडीवर पाहावे. लग्नात द्यायची गोधडी, हरभऱ्याच्या डाळीसारख्या फिक्या पिवळ्या रंगाची, मुलीच्या आईने स्वतः शिवलेली. बैठकीत व्याह्याच्या हातून त्यावर अख्खी कपबशी पालथी झाली होती. बाई रडत आली. मावशीने तिला आधी पाणी दिले आणि तीन प्रश्न विचारले. बाईने सगळे खरे सांगितले. मग मावशीने डागाखाली जुन्या धोतराची घडी सारली आणि वरून ओल्या फडक्याने नुसते दाबत राहिली. चोळणे नाही. कडेकडून मध्याकडे, म्हणजे डाग पसरत नाही. खालची घडी तांबूस झाली की बदलायची. मग सोड्याचे कोमट पाणी, मग रिठ्याचे, मग पुन्हा साधे. तासाभरात डाग दिसेनासा झाला. बाई उठून पाया पडायला लागली.

"थांब, आजून झालं न्हाई," मावशी म्हणाली. "वरचा गेलाय. कापसात उतरलाय तो वाळताना माघारी येतो."

तिने शाडूची माती लोण्यासारखी कालवून त्या जागेवर बोटभर जाड थापली आणि गोधडी उन्हात पसरली. संध्याकाळी वाळलेली खपली तिने हलकेच उचलली. मातीच्या खालच्या अंगाला चहाचा सगळा रंग चढून आला होता. गोधडी कोरी होती. त्या दिवशी मला धडा वाचायला तिने सांगितले नाही. बराच वेळ ती खपली हातात घेऊन बसली होती. स्वतःच्या कामावर खूश झालेली मी तिला तेवढी एकदाच पाहिली.

आमच्या बोर्डिंगचे अध्यक्ष नानासाहेब वडघुले हे वकील होते आणि दारूबंदी मंडळाचेही अध्यक्ष होते. खादी वापरीत. दर रविवारी खेड्यांत जाऊन दारूविरुद्ध भाषणे करीत, आणि भाषण उत्तम करीत. त्यांचे ऐकून माझ्या सख्ख्या चुलत्याने दारू सोडली. हेही खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. मी मॅट्रिकला बसलो तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितले होते की, पास झालास तर पुण्याच्या एका वसतिगृहाला पत्र देतो, कॉलेजची चार वर्षे निभावतील. आमच्या अख्ख्या गावात कुणी मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते. त्या पत्राशिवाय मी गेलो नसतो.

लढाई संपत आली होती तो उन्हाळा. पुण्याहून एक मोठे पाहुणे दारूबंदीच्या सभेला येणार होते. शहरातल्या बायकांच्या सूतकताई मंडळाने त्यांना भेट द्यायला एक दुलई केली होती. सूत त्यांनी कातले, कापड हातमागावर विणून घेतले, टाके त्यांनी घातले. रंग दिलेला नव्हता, सायीचा असतो तसाच रंग. सभेपर्यंत नीट राहावी म्हणून त्यांनी ती नानासाहेबांच्या घरी आणून ठेवली.

गुरुवारी सकाळी नानासाहेबांनी मला घरी बोलावले. आतल्या खोलीत पलंगावर दुलई पसरलेली होती आणि तिच्या मधोमध तळहाताएवढा जांभळट लाल डाग होता. खिडकीत एक छोटा काचेचा पेला होता. पलंगाखाली बाटली होती. अशा बाटल्या छावणीच्या कॅन्टीनमागे रिकाम्या पडलेल्या मी पाहिल्या होत्या.

मी काही विचारले नव्हते. तरी ते म्हणाले, "डॉक्टरांनी दिलेलं टॉनिक आहे. रात्री घेताना कलंडलं."

इतक्यात काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चहा आणून ठेवला आणि खाली बघत त्या निघून गेल्या. नानासाहेबांनी कप उचलला. मला वाटले, पिणार. त्यांनी तो दुलईवर नेला आणि झाडाला पाणी घालावे तितक्या सावकाशीने त्या डागावर ओतला. शेवटी कप झटकला. चहा पसरला, त्याने लाल डाग सगळ्या बाजूंनी पोटात घेतला.

"एकनाथ, काय सांडलं?"

मी पलंगाखालच्या बाटलीकडे पाहिले.

"अरे, तुझ्यासमोर सांडलं ना? काय सांडलं?"

"चहा."

"शाबास. गयाकडे घेऊन जा. रविवारी सकाळी पाहिजे. आणि हो, तुझ्या वसतिगृहाचं पत्र टाईपला दिलंय. सोमवारी ये, घेऊन जा."

त्यांनी धमकी दिली नाही. तशी दिली असती तर आज मला सांगायला काही तरी आधार असता.

गयामावशीने दुलई ओट्यावर पसरली आणि आधी टाक्यांवरून हात फिरवला. "कुनी शिवली गं बाई! मुंगीच्या पावलागत टाके हायेत." मग डागापाशी वाकली. वास घेतला, वर चहाचाच वास होता. डोळे बारीक केले.

"काय सांडलं?"

"चहा. दुधाचा."

"कवा?"

"आज सकाळी."

"त्यावर काय केलं?"

"काय न्हाई."

"मधी जरा लालसर वाटतंय रे मला. का माजे डोळेच?"

"चहा लई कडक हुता, मावशी."

"एकच डाग हाय न्हवं? दुसरं काय सांडलं न्हाई ना खाली?"

ओट्यावर आम्ही दोघेच होतो. सुभेदार कडब्याला तोंड लावून उभा होता. मी खरे सांगितले असते तर ते ऐकायला तिसरे कुणी नव्हते. मी म्हणालो, "एकच हाय."

तिने सोड्याचे कोमट पाणी केले. फडके बुडवले आणि कडेकडून दाबत आत आली. चहाचा तांबूस रंग सुटू लागला. मध्यावर फडके गेले आणि उचलले, तर खाली निळा रंग फुटला होता. आधी पुसट, मग बघता बघता गडद. द्राक्षाच्या दारूला सोड्याचा खार लागला की ती निळी होते. सोडा लावायचा नाही एवढे मी तिच्याच तोंडून ऐकले होते, निळे होते हे मला ठाऊक नव्हते. तिला होते.

तिचा हात हवेतच थांबला. तिने माझ्याकडे पाहिले नाही. फडके पिळून बाजूला ठेवत ती म्हणाली, "तू जा आता. निकाल जवळ आलाय तुजा."

शुक्रवार, शनिवार ती त्या दुलईशी झगडली. लिंबू, मीठ, ताक, ऊन, शाडू, पुन्हा ऊन. मी दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो. लांबून दिसे, ती गुडघ्यावर बसून दाबते आहे. कोमट पाण्याने रंग कापसात बसला होता. तो करडा झाला, पण गेला नाही.

रविवारी सकाळी ती स्वतः दुलई घेऊन नानासाहेबांच्या अंगणात आली. मंडळाच्या चारपाच बायका होत्या. बोर्डिंगची आम्ही मुले सभेच्या तयारीसाठी आलो होतो. दुलई उलगडली आणि एका बाईच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"अगं, हे काय केलंस! चार महिने सुया टोचून घेतल्या आम्ही बोटांना!"

दुसरी म्हणाली, "नीळ लागली हिच्या हाताची. पांढऱ्या कपड्यांच्या निळीतच बुडवली की काय?"

नानासाहेब पुढे आले. त्यांनी डागाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे. "गया, साधा चहाचा डाग होता. तोही तुला काढता आला नाही?"

सगळे तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती. फार तर दहा आकडे मोजावेत इतका वेळ तिने वाट पाहिली. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होतो.

मग ती म्हणाली, "व्हय, सायेब. माज्याच हातनं झालं."

संध्याकाळी सभेत नानासाहेबांनी पाहुण्यांना दुलईऐवजी सुताची लडी दिली आणि झाल्या प्रकाराचा उल्लेख केला. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. "त्या बाईवर आमचा राग नाही. ज्या घरात वर्षानुवर्षं बाटली नांदली, त्या घरातला हात स्थिर कसा राहील?" त्यांनी ती प्यायली होती असे म्हटले नाही. वकील होते ते. बाकीचे लोकांनी म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या शहरात झाले होते की गयी परटीण दारू पिऊन बसली आणि तिने बायकांची दुलई नासली.

सोमवारी मी पत्र आणायला गेलो. पत्र तयार होते.

आठवड्याभरात बोर्डिंगने तिचे धुणे बंद केले. मग वकिलांची घरे, मग कचेरीतले लोक. रश्श्याचा कोट घेऊन आलेले कारकूनही. ज्यांच्या घरची झाकपाक तिने इतकी वर्षे केली होती, त्यांनाच तिला टाळण्याची जास्त घाई झाली असावी.

जूनमध्ये निकाल लागला. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. माझे दोन सदरे इस्त्री करून ठेवलेले होते. दुसरा तिने कुठून तरी मिळवला होता. मी रडायला लागलो आणि सगळे सांगितले. पेला, बाटली, चहाचा कप.

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. निळा फुटला तवाच कळलं."

"मग अंगनात बोलला का न्हाईत?"

"बोलले असते तर तू आज कुठं असतास? जामखेडाला, ढेकळं फोडीत." मग ती बराच वेळ सदऱ्याची घडी नीट करीत राहिली. "अंगनात तू गप बसलास त्याचं मला काय न्हाई. तिथं चारचौघं हुती. पन ओट्यावर कोन हुतं रे? मी आनि तू. मी कवा कुनाचं बाहेर काढलं हुतं? सहा वरसं बसलास हितं. मला सांगितलं असतंस तर मी मीठ लावलं असतं, लिंबू लावलं असतं. दुलई बी वाचली असती, तुजं पत्र बी मिळालं असतं, आनि कुनाला पत्ता लागला नसता."

  नानासाहेबांना मी भ्यालो हे समजण्यासारखे आहे. पण तिच्याशी खोटे बोलायचे काहीच कारण नव्हते. ज्या एका माणसापाशी खरे सांगणे पूर्ण सुरक्षित होते, नेमके त्याच माणसाला मी फसवले.

पुण्यात चार वर्षे गेली. सुट्टीला गावी जाताना गाडी नगरला थांबे. मी उतरत नसे. बी. ए. ची परीक्षा दिल्यावर मात्र बोर्डिंगातून एक दाखला हवा होता म्हणून उतरावे लागले. परतताना अडत बाजारातून येत होतो. हौदापाशी एक म्हातारी गुळाची चिकट बारदाने धूत बसली होती. दगडावर आपटत होती. मी थांबलो.

"मावशी."

तिने मान वर केली. दोन्ही डोळे दुधाळ झाले होते. "कोन हाय?"

"मी एकनाथ."

"पास झालास?"

"परीक्षा दिली. निकाल यायचाय."

"हुशील." तिने ओला हात लुगड्याला पुसला आणि अंदाजाने माझ्या कॉलरीवरून बाहीवर फिरवला. "इस्त्री कोन करतं?"

"मीच करतो."

"बरी करतोस. काखंत सुरकुती राहती तुजी." मग हात काढून घेतला. "जा, येष्टी जाईल."

शेजारी एक हमाल बिडी ओढीत बसला होता. मी निघालो तसा तो हसत म्हणाला, "वळख हाय काय सायेब म्हातारीची? लई मोठी डाग काढनारी हुती म्हनं. पिऊन लोकांच्या दुलया नासल्या, म्हनून आता बारदान धुती."

तिने ऐकले. ऐकूनही बारदान पालथे करून ती आपटू लागली. ज्या बाईने कधी दुलई चोळलीसुद्धा नाही, तिला मी त्या आपटण्याच्या आवाजात सोडून आलो. हमालाला मी काही म्हणालो नाही. येष्टी खरोखरच सुटायला आली होती.

पुण्याला पोचल्यावर त्याच दिवशी मी पत्र लिहिले. तिच्या एकटीपाशी कबूल करायचे असते तर ते मी आधीच केले होते. मला ते गल्लीने ऐकायला हवे होते. तिला वाचता येत नव्हते, तेव्हा कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार हे नक्कीच होते. त्याचा मला पहिल्यांदाच उपयोग सुचला.

पत्र पोचले. तिच्या गल्लीतल्या शाळेच्या गुरुजींनी ते ओट्यावर वाचले. माणसेही जमली होती. पण नानासाहेब शाळा समितीवर होते आणि गुरुजींना तीन मुले होती. त्यांनी अर्ध्याहून जास्त पत्र गाळले. "मी पुण्यास खुशाल आहे, तुमची आठवण येते, तुमच्या उपकारांची फेड होणे नाही," एवढेच त्यांनी स्वतःच्या मनाने जुळवून वाचले. मावशी म्हणाली म्हणे, "एवढा मोटा कागद, आनि एवढंच लिवलंय?" गुरुजी म्हणाले, "एवढंच." ती म्हणाली, "असू द्या. सुखरूप हाय न्हवं?" त्यानंतरच्या थंडीत ती वारली. हे सगळे गुरुजींनी मला पुढे स्वतः सांगितले आणि पत्र परत दिले. त्यांच्यावर रागवायचा अधिकार मला नव्हता.

ते पत्र जसेच्या तसे, काही न गाळता, खाली देतो.

पुणे

सौजन्यमूर्ती गयाबाई परीट यांस,

एकनाथचा शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र जे कुणी वाचून दाखवतील त्यांना हात जोडून विनंती, की ते ओट्यावर बसून, गल्लीतल्या माणसांना बोलावून, मोठ्याने वाचावे आणि एकही ओळ गाळू नये.

मावशी, यातले तुम्हाला सगळे ठाऊक आहे. हे बाकीच्यांसाठी लिहिले आहे. सूतकताई मंडळाची दुलई गयाबाईंनी नासली नाही. त्या दिवशी त्या प्यायल्या नव्हत्या. त्या कधीच प्यायल्या नाहीत. दुलईवर नानासाहेब वडघुले यांच्या हातून लाल दारू सांडली होती. ती झाकण्यासाठी त्यांनी माझ्यासमोर वर चहा ओतला. गयाबाईंनी मला विचारले, काय सांडले. मी चहा सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, एकच डाग आहे ना. मी एकच सांगितले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून चहाचे औषध केले आणि दारूचा डाग निळा होऊन बसला. त्यांना ते लगेच कळले. माझे शिक्षण बुडू नये म्हणून त्यांनी दोष स्वतःवर घेतला. त्यांच्या हातचे धुणे ज्यांनी बंद केले, त्यांनी ते माझ्या खोट्यावरून बंद केले.

नानासाहेबांना ही हकिगत मी वेगळ्या पत्राने कळवली आहे. त्यांनी मला खोटा म्हणावे. मी कोर्टातही हेच सांगेन.

मावशी, मी माफी मागत नाही. तुम्ही ती लगेच द्याल, आणि ती घेऊन मी पुन्हा मोकळा होईन. ते मला नको आहे.

वाचणारांनी खालचे नाव आणि तालुकाही वाचावा.

एकनाथ रखमाजी मोरे
तालुका जामखेड